घर विकले नाही तर पाप लागेल का?



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची संध्याकाळची मिस्सा आटोपली होती. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, कोणाला घराच्या आशीर्वादाची तारीख. सगळ्यांचे होईपर्यंत एक गृहस्थ मागच्या बाकावर बसून राहिले होते. चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटी विभागात त्यांची वीस-बावीस वर्षे नोकरी झाली आहे. मोशीला एक छोटा फ्लॅट आहे, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा. त्याला रक्ताचा कर्करोग. एकदा बरा होऊन परत उलटला, पुन्हा केमोथेरपी झाली, आणि आता तिसऱ्यांदा डोके वर काढले होते. डॉक्टरांनी एका नव्या उपचाराचे नाव सांगितले होते आणि त्याबरोबर खर्चाचा आकडाही.

गृहस्थांनी मला विचारले, "फादर, घर विकलं तर जमेल. गावाकडची जमीनही काढावी लागेल. धाकटी दहावीला आहे. मला एवढंच सांगा, घर विकलं नाही तर पाप लागेल का?"

त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटणार नाही अशा बेताने, हा प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवत आहे. आपल्या धर्मग्रामात तो पुन्हा कोणाच्या तरी दारी येणारच आहे.

प्रथम हा उपचार काय आहे ते समजून घेऊ. त्याला 'कार-टी' पेशी उपचार म्हणतात. मला तो नीट समजला तो डॉक्टरांकडून नव्हे, या गृहस्थांकडूनच. ते म्हणाले, "फादर, आमच्या लाइनवर तपासणीला माणूस असतो. खराब पार्ट दिसला की तो बाजूला काढतो. पण खराब पार्टवरही आपल्याच कंपनीचा शिक्का असला, तर तो फसतो. पोराच्या अंगात तसं झालंय." आपल्या रक्तातील टी-पेशी हे असे तपासनीस आहेत. परके जंतू आणि बिघडलेल्या पेशी ओळखून त्या नष्ट करतात. परंतु रक्ताचा कर्करोग आपल्याच पेशींतून उपजतो, म्हणून पुष्कळदा तो त्यांच्या नजरेतून निसटतो. या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या साहाय्याने, त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यामुळे त्या पेशींना जणू नवा डोळा फुटतो. बी-पेशींवर 'सीडी-१९' नावाची एक खूण असते, ती त्यांना दिसू लागते. मग या पेशींची संख्या वाढवून त्या सलाईनप्रमाणे रुग्णाच्या शरीरात परत सोडतात.  रुग्णाच्याच पेशी शिकून-सवरून घरी परत येतात. त्या निरोगी बी-पेशींनाही मारतात, म्हणून पुढे जंतुसंसर्गाचा धोका राहतो. कधी कधी शरीरात इतकी तीव्र प्रतिक्रिया उठते की, रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते.

अमेरिकेत २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा-सात वर्षांच्या मुलीवर हा उपचार झाला. ती मरणाच्या दारातून परत आली आणि आज ती तरुणी आहे. २०१७ मध्ये तेथील सरकारने अशा पहिल्या औषधाला मान्यता दिली. त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये. आपल्याला वाटावे, हा विषय आपला नव्हेच. परंतु पवईच्या आयआयटीमध्ये प्रा. राहुल पुरवार आणि त्यांचे विद्यार्थी, आणि टाटा मेमोरियलचे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला आणि त्यांचे सहकारी यांनी हेच काम आपल्या देशात करून दाखवले. जून २०२१ मध्ये खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात भारतातील पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९' या औषधाला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. किंमत परदेशाच्या साधारण एक-दशांश.

एक-दशांश म्हणजे तरी किती? वृत्तपत्रांत ३० लाखांपासून ४५ लाखांपर्यंतचे आकडे आले. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी डोंगर खणून टेकडी केली, हे खरे. पण मोशीच्या एका वन बीएचकेला ती टेकडीही डोंगराएवढीच.

हा उपचार म्हणजे हमखास बरे होणेही नव्हे. २०२५ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात या औषधाच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या ५१ रुग्णांवरील परिणाम तपासता आला, त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना औषध लागू पडले. सर्व उपाय थकलेल्या माणसांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यांतील अनेकांचा आजार काही महिन्यांत परत आला, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे घर विकून जे मिळते ते आयुष्य नव्हे, आयुष्याची शक्यता.

काही श्रद्धावंत मला विचारतात, "फादर, माणसाची जनुके बदलणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ नाही का?" या बाबतीत ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे. २००८ मध्ये रोमहून प्रसिद्ध झालेल्या जैवनीतीविषयक मार्गदर्शनात फरक करून सांगितले आहे. रुग्णाच्या शरीरातील पेशी त्याच्याच उपचारासाठी सुधारणे तत्त्वतः योग्य आहे. पुढच्या पिढ्यांत उतरेल असा बदल करणे आजच्या स्थितीत योग्य नाही. कार-टी उपचार पहिल्या प्रकारात मोडतो. मोतीबिंदू काढणारा डॉक्टर देवाच्या कामात ढवळाढवळ करत नाही, तसाच हाही. तेव्हा ती शंका मनातून काढून टाकावी.

खरा प्रश्न तो नाही. खरा प्रश्न त्या गृहस्थांनी विचारला तो आहे.

या प्रश्नावर ख्रिस्ती नीतिशास्त्रात जवळजवळ पाचशे वर्षे विचार झाला आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दि व्हितोरिया नावाचे डोमिनिकन धर्मगुरू शिकवत होते. जीव वाचवणे हे कर्तव्य आहे, हे त्यांना मान्यच होते. पण ते म्हणत की, त्यासाठी माणूस सर्वांत महागडे अन्न खायला बांधलेला नाही. वैद्याने कोंबडी आणि तित्तिर पक्षी खायला सांगितले, तरी अंडी आणि नेहमीचे जेवण खाणारा पापी ठरत नाही. आणि जे औषध घेण्यासाठी निर्वाहाचे सर्व साधनच द्यावे लागते, ते घेण्याचे बंधन नाही. पुढे यातूनच 'साधारण उपाय' आणि 'असाधारण उपाय' असा भेद रूढ झाला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे बोलताना तो पुन्हा सांगितला. साधारण उपाय करण्यास आपण बांधील आहोत; पण साधारण कोणते, हे माणूस, जागा, काळ आणि संस्कृती पाहून ठरते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९८० मध्ये रोमहून निघालेल्या निवेदनात तर असेही मान्य केले आहे की, कुटुंबावर किंवा समाजावर खर्चाचा अवाजवी भार पडू नये म्हणून एखाद्याने उपचार नाकारला, तर ती आत्महत्या नव्हे.

सेमिनरीत हे सर्व मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते. तेच मी त्या संध्याकाळी त्या गृहस्थांना सांगितले. "पाप लागणार नाही," असे म्हणालो. मला वाटले, माणसाच्या छातीवरचा दगड उतरला असेल.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे फादर, गरिबाला मरायची परवानगी आहे, एवढंच ना?"

बंधू-भगिनींनो, त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आम्ही दोघांनी प्रार्थना केली आणि ते मोटारसायकलवर बसून निघून गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी सांगितलेले चूक नव्हते. पण ते अर्धे होते.

श्रीमंत माणूस चार डॉक्टरांशी बोलतो, लाभ-हानी तोलतो आणि म्हणतो, "आता पुरे, उरलेले दिवस मला घरी काढू द्या." हा त्याचा निर्णय आहे, त्यात मृत्यूचा स्वीकार आहे. गरीब माणूस तेच शब्द बोलतो, तेव्हा त्याने काही तोललेले नसते. तोलायला पारड्यात काही नसतेच. पहिल्याला आपण विवेक म्हणू. दुसरी मजबुरी आहे. मजबुरीला विवेकाचे नाव देऊन आपण निश्चिंत झालो, तर ते नीतिशास्त्र आपल्या सोयीचे झाले.

म्हणून मला वाटते, त्या गृहस्थांचा प्रश्न बरोबर होता, पण तो एकट्या त्यांच्यावर येऊन पडला, हे चूक होते. साधारण कोणते हे काळ आणि जागा पाहून ठरते, असे पोप महोदय म्हणाले. मग काळ आणि जागा कोण घडवते? साधारण आणि असाधारण यांच्यामधील रेघ निसर्गाने ओढलेली नाही. ती माणसे ओढतात आणि माणसेच ती पुढे सरकवतात.

याचा पुरावा शोधायला आपल्याला लांब जायला नको. १९४१ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. जगात तेव्हा ते इतके थोडे होते की, त्याच्या लघवीतून उतरलेले औषध परत गाळून त्याला देत असत. तो सुधारू लागला, आणि औषध संपले. तो गेला. त्या दिवशी पेनिसिलिनइतका असाधारण उपाय जगात दुसरा नव्हता. आणि १९५४ मध्ये, आपल्या पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो कारखाना उभा केला आणि १९५५ पासून येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आपल्यापैकी कित्येकांचे वडील-आजोबा 'एच. ए.'मध्ये कामाला होते, त्या कॉलनीत आपल्यातील काही जण लहानाचे मोठे झाले. त्यांनी रात्रपाळ्या केल्या, तेव्हा खेड्यातल्या न्युमोनियाच्या लेकराच्या बापाला घर विकावे लागेनासे झाले. पुढे हा कारखाना तोट्यात गेला, आजारी पडला, ही दुःखाची गोष्ट. पण रेघ कशी सरकते, हे पिंपरीने पाहिले आहे.

पेनिसिलिन आणि कार-टी यांत फरक आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पेनिसिलिन एका टाकीत हजारोंसाठी बनते. कार-टी प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच रक्तातून वेगळे बनवावे लागते. म्हणून ते इंजेक्शनच्या बाटलीइतके स्वस्त होणार नाही. तरीही तीन कोटींचे चाळीस लाखांच्या आसपास आले, ते ठरवून केले म्हणून आले. त्या संशोधनात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा पैसाही आहे. तेव्हा ते औषध थोडेफार आपल्या सर्वांचे आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. आपल्या परिषदेतील एका ज्येष्ठ सभासदांनी तो मला ऐकवला. "फादर, एका मुलावर चाळीस लाख घालण्यापेक्षा त्यात किती क्षयरोग्यांना पोषक आहार मिळेल, किती जणांचे डायलिसिस होईल?" हा हिशोब खोटा नाही. वायसीएम रुग्णालयाच्या ओपीडीची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला तो टाळता येणार नाही. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो, आणि त्याच्या वाटपात क्रम लावावाच लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला; हजारो घरांना त्याचा आधार आहे, आणि तरी या उपचाराच्या खर्चाला तो पुरत नाही. मला या आक्षेपावर एवढेच म्हणायचे आहे की, हा हिशोब मांडण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो खरोखर त्या क्षयरोग्याला काही देतो. एकाला नाकारलेले पैसे दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नसतील, तर तो हिशोब नव्हे, सबब आहे.

आणि ज्याचा फोटो देखणा, ज्याच्यासाठी कोणीतरी मोबाईलवर छान आवाहन लिहून देतो, त्याच्याकडे पैसा वाहतो. बाकीचे गप्प मरतात, हाही न्याय नव्हे. म्हणून धर्मग्रामाची मदत चेहरा पाहून नव्हे, गरज पाहून असावी.

शुभवर्तमानातील दोन माणसे या संदर्भात मला आठवतात. एक ती बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री. होते नव्हते ते सारे तिने वैद्यांना दिले होते, आणि दुखणे वाढतच गेले होते. प्रभूने तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. पैसा का घालवलास, असे विचारले नाही. ज्यांनी घर विकले आणि तरी माणूस गमावला, त्यांना आपणही दोष देऊ नये. दुसरा तो चांगला शोमरोनी. त्याने जखमीला खाणावळीत नेले, दोन नाणी मालकाच्या हातावर ठेवली आणि वरचा खर्च परतताना देईन म्हणाला. जखमी माणसाला त्याने तुझी जमीन किती, असे विचारले नव्हते. पण ध्यानात घ्या, त्यानेही आपले सर्वस्व दिले नाही. तो आपल्या कामाला पुढे गेला. त्याने जबाबदारी वाटून घेतली: थोडी त्याने, थोडी खाणावळवाल्याने. ज्या ओझ्याने एक घर मोडते, ते वाटून घेतले तर पुष्कळ घरांना पेलते.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. असा प्रसंग आला, तर नवरा-बायकोने रात्री दोन वाजता एकट्याने निर्णय घेऊ नये. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की, आमच्या रुग्णाला किती शक्यता आहे आणि किती काळासाठी. हे विचारण्यात अविश्वास नाही. रुग्णालयातील समाजसेवा विभागात जावे. कोणत्या योजना, कोणते न्यास मदत करू शकतात, ते तेथे कळते. नोकरीवर असणाऱ्यांनी आपला विमा नेमका कितीचा आहे, हे आजार येण्यापूर्वी पाहावे, आणि कंत्राटी कामगार बांधवांचे ईएसआय भरले जाते की नाही, याची चौकशी पर्मनंट कामगारांनीही करावी. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला वारंवार प्लेटलेट्स लागतात. त्यासाठी लाखो रुपये नकोत, दोन-तीन तास लागतात. आपल्या युवकांनी नावे द्यावीत. यादी कार्यालयात ठेवली आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाला विचारावे. त्या कुटुंबात हे राहून गेले होते. सगळे त्याच्याविषयी बोलत होते, त्याच्याशी कोणी बोलत नव्हते. मी पुढच्या आठवड्यात घरी गेलो, तेव्हा तो खाटेवर बसून बहिणीचे गणित तपासत होता. मी त्याला सरळच विचारले. तो म्हणाला, "फादर, मला बरं व्हायचंय. पण घर विकलं, तर बरा होऊन मी येऊ कुठे?" त्याची आई स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकले. त्या दिवसापासून त्या घरात या विषयावर मोकळेपणाने बोलणे सुरू झाले.

त्यांनी पुढे काय ठरवले आणि त्या मुलाचे काय झाले, ते मी येथे लिहीत नाही. ते त्यांचे आहे. शिवाय, लिहिले तर आपण शेवट पाहून ठरवाल की, त्यांचे बरोबर होते की चूक. निर्णय शेवटावरून बरोबर किंवा चूक ठरत नाही. तो घेताना कोणी खरे बोलले का, रुग्णाचे ऐकले का, आणि ते ओझे वाहताना शेजारी कोणी होते का, यावरून ठरतो.

त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर मला उशिरा सुचले. ते असे: दादा, घर विकले नाही तर तुम्हाला पाप लागणार नाही. पण तुम्ही एकटेच घर विकायच्या विचारात असताना आम्ही आपापल्या घरी निवांत झोपलो, तर त्याचा जाब आम्हाला द्यावा लागेल.

प्रभू येशू आजाऱ्यांना बळ देवो, त्यांची सेवा करणाऱ्यांना धीर देवो आणि आपल्या सर्वांना एकमेकांचे ओझे ओळखण्याची दृष्टी देवो.

आपला,
धर्मगुरू